अरुंद भौमितिक डिस्प्ले फाँट काढतोय, माप सगळीकडे सारखं ठेवलंय तरी अक्षरं सारखी का दिसत नाहीत?

चौकोनी_ओ:
नमस्कार मंडळी. गेले काही महिने फावल्या वेळात एक फाँट काढतोय. फक्त डिस्प्लेसाठी, म्हणजे पोस्टर, मोठी हेडिंगं, मशीनवरचे नंबर, गेमचं टायटल वगैरे, परिच्छेद लावायला नाहीच. अरुंद, उंच, कडक अक्षरं हवीत, लोखंडी दारावर स्टेन्सिल ठेवून रंगवल्यासारखी आणि तरी पुढच्या शतकातली वाटणारी. सध्या रोमन कॅपिटल अक्षरं आणि आकडे एवढंच झालंय, देवनागरीचं डोक्यात आहे पण त्याबद्दल नंतर विचारतो.

मी काय केलंय ते नीट सांगतो. एम (म्हणजे फाँटच्या मापाची चौकट, एम अक्षर नव्हे) १००० युनिटचा, कॅपिटलची उंची ७००, प्रत्येक अक्षराची रुंदी ३२०, रेघ सगळीकडे बरोब्बर ९०, उभी असो आडवी असो तिरकी असो. ग्रिड १० युनिटची. ओ म्हणजे उभा आयत, कोपऱ्यांना ६० ची गोलाई, आतून पण ६० आणि बाहेरून पण ६०. दोन्ही बाजूंना मोकळी जागा प्रत्येक अक्षराला ४०. म्हणजे कागदावर बघाल तर एकाही युनिटची चूक नाही, मी तीन तीन वेळा मोजलंय.

आणि तरी शब्द टाइप केला की काहीतरी बिनसतं. ई आणि एफ बाकीच्यांपेक्षा काळे दिसतात, त्यांच्या आडव्या रेघा उभ्या रेघांपेक्षा जाड वाटतात पण मोजल्या तर ९० च येतात. ओ, डी, जी यांच्या कोपऱ्यांत शाईचा थेंब साचल्यासारखा गोळा दिसतो. एस तर सरळ डोक्यावर पडेल असा वाटतो. एम मध्ये आत काही उरलंच नाहीये, नुसता काळा ठोकळा. आणि एल च्या पुढे टी आला की मध्ये एवढी मोठी पोकळी पडते की शब्द तिथे तुटतो.

मला भीती ही वाटते की हे सगळं "हाताने थोडं थोडं" सुधारत गेलो तर त्यातला तो कडक यांत्रिकपणा जाईल, ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला तोच निघून जाईल. मग भौमितिक म्हणायचं तरी कशाला? ज्यांनी असं काम केलंय त्यांनी जरा सांगा, ग्रिड सोडायची की नाही, आणि सोडायची तर कुठे कुठे.

अक्षरकाम:
पहिल्यांदा एक सांगतो, तुझी मोजणी बरोबर आहे आणि तुझा डोळा पण बरोबर आहे. दोघांचं जमत नाही तेव्हा डोळ्याचं ऐकायचं कारण वाचणारा पट्टी घेऊन येत नाही. आणि यांत्रिकपणा जाईल ही भीती काढून टाक, उलट आत्ता तो दिसतच नाहीये कारण नजर त्या गोळ्यांवर आणि काळ्या ई वर अडकते.

आता एकेक घेऊ. सारख्या जाडीची आडवी रेघ उभीपेक्षा जाड दिसते, हे प्रत्येकाच्या डोळ्याला होतं. एक कर, कोणत्याही चांगल्या ग्रोटेस्क (टोकांना शेपट्या नसलेल्या साध्या) फाँटचा एच उघड, त्याची मधली दांडी मोज, उभ्या खांबापेक्षा बारीक निघेल. तुझ्या ९० च्या खांबाला आडवी ७६-७८ करून बघ. ई ला तीन आडव्या आहेत म्हणून तिथे जास्त झोंबतं, ७०० उंचीत २७० युनिट नुसती शाई आणि बाकी ४३० मध्ये दोन पोकळ्या. शिवाय ई, एफ, एल ही उजवीकडून उघडी अक्षरं, बाहेरचा पांढरा आत शिरतो म्हणून ती एच एवढीच रुंद ठेवली तर पसरट वाटतात, २८० च्या आसपास आण. आणि ई ची मधली दांडी बरोब्बर मध्यावर असेल तर ती खाली घसरलेली दिसते, ८-१० युनिट वर सरकव.

एस चं पण तेच. वरचा आणि खालचा भाग तू सारखा ठेवला असणार. वरचा थोडा लहान पाहिजे, उंचीला पण आणि रुंदीला पण. खात्री करायची असेल तर कुठल्याही जुन्या नावाजलेल्या फाँटमधला एस किंवा ८ घे आणि उलटा फिरव, लगेच डोकं मोठं आणि पाय बारीक दिसतील, सरळ असताना कधी लक्षात पण येत नाही. बी, ३, एक्स, के सगळ्यांना हाच नियम.

आता कोपऱ्यातला गोळा, हा मला सगळ्यात आवडणारा भाग आहे म्हणून जरा लांबवतो. तू आतून आणि बाहेरून त्रिज्या सारखीच ठेवलीस, ६० आणि ६०. म्हणजे आतला कोपरा हा बाहेरच्या कोपऱ्याचीच कॉपी, फक्त ९० उजवीकडे आणि ९० खाली सरकवलेली. मग तिरक्या दिशेने जाडी किती झाली? ९० गुणिले वर्गमूळ २, म्हणजे १२७. जवळपास चाळीस टक्के जास्त जाडी, तीही चारही कोपऱ्यांत. तुला दिसतो तो गोळा भास नाहीये, तो खराखुरा आहे, तू फक्त सरळ भागात मोजत होतास. दोन्ही गोलाया एकाच केंद्रातून काढ, बाहेर १२० असेल तर आत ३०, मग जाडी वळणभर ९० राहील. आणि आडवी ७६ केलीस की आतली गोलाई वर्तुळ राहणार नाही, ३० बाय ४४ ची लंबगोल होईल, होऊ दे.

त्याच्यापुढे अजून एक पायरी आहे. सरळ रेघ जिथे संपते आणि वर्तुळाचा तुकडा जिथे सुरू होतो तिथे डोळ्याला बारीकसा खांदा जाणवतो, कारण वळण एकदम शून्यावरून पूर्णावर उडी मारतं. त्यासाठी वळणाची हँडल (आकार ओढायच्या दांड्या) थोडी सरळ भागात लांबवायची, म्हणजे वळण हळूहळू चढतं. लंबगोल आणि आयत यांच्या मधला जो सुपरएलिप्स आकार आहे तो याच जातीचा, स्टॉकहोमच्या एका मोठ्या चौकासाठी पीट हाइनने २.५ घातांक धरून तोच सुचवला होता. कडक पण फुगलेला. मोठ्या साइझला, समजा अक्षर हातभर उंच छापलं, तर नुसता वर्तुळाचा तुकडा आणि हे वळण यातला फरक लांबून कळतो.

एम आणि डब्ल्यू ३२० मध्ये बसवायचा हट्ट सोड. दोन खांब मिळून १८० गेले, १४० मध्ये दोन तिरक्या रेघा कशा मावणार. ४२०-४३० पर्यंत रुंद कर, खांब ८२ चे कर, तिरक्या ६०-६५, आणि त्या जिथे खांबाला मिळतात तिथे आतून खाच मार. या खाचेला इतिहास पण आहे, बेल सेंटेनियल नावाचा फाँट १९७८ मध्ये मॅथ्यू कार्टरने टेलिफोन डिरेक्टरीसाठी काढला, त्यात पातळ कागदावर शाई पसरेल म्हणून सांध्यांत मुद्दाम खोल खाचा ठेवल्या होत्या. तुझ्यासारख्या फाँटमध्ये त्याच खाचा मशीनवर कापल्यासारख्या दिसतात, म्हणजे दुरुस्ती पण झाली आणि तुला हवा तो लोखंडी लूक पण मिळाला. मात्र एकच युक्ती धर. खाच असेल तर खाच, स्टेन्सिलची फट असेल तर फट, ४५ अंशात कापलेले कोपरे असतील तर तेच. तिन्ही एकत्र घातलं की प्रत्येक अक्षर ओरडायला लागतं.

स्पेसिंग शेवटी, पण सुरुवात एच पासून. एच च्या आतली पोकळी तुझ्याकडे १४०, दोन एच मधली जागा ८०, पोस्टरला ही घट्ट वीण चांगली आहे. आधी एच-एच-एच-एच लिहून कुंपणासारखी लय बघ, मग मध्ये ओ टाक. साध्या गोल ओ ला बाजूची जागा बरीच कमी द्यावी लागते, तुझा ओ बाजूंनी सपाट आहे म्हणून त्याला जवळपास एच एवढीच दे, ३-४ युनिट कमी बस्स. वर-खाली रेषेबाहेर काढायचं ते पण तसंच, गोल ओ ला १०-१२ युनिट लागतं, तुझ्या सपाट डोक्याच्या ओ ला ४-५ पुरेल. एल-टी, एल-वाय, टी-ए, ए-व्ही या जोड्या कर्निंगमध्येच (एकेका जोडीतलं अंतर वेगळं ठरवताना) सुटतील, ते काम शेवटी ठेव, आधी केलंस तर वाया जातं.

खिळेजुळारी:
वरचं सगळं पटलं. मी फक्त एवढं घालतो की तू ज्या पेचात आहेस त्यातून या प्रकारचे फाँट काढणारे बहुतेक सगळेच गेलेत, आणि ते बघितलं की धीर येतो.

अरुंद अक्षरं मुळात आली ती पोस्टरसाठी. अमेरिकेत १८२७-२८ च्या सुमाराला डॅरियस वेल्सने लाकडी टाइप मशीनने कोरायला सुरुवात केली, १८३४ मध्ये लेवनवर्थने त्याला पँटोग्राफ (नमुना गिरवून लहान-मोठा करणारं यंत्र) जोडला, आणि मग एकाच अक्षराचे अरुंद, अतिअरुंद, रुंद असे अवतार पटापट निघायला लागले. कागदाची रुंदी ठरलेली, शब्द लांब, आणि लांबून दिसायला तर पाहिजे, मग उंची वाढवायची. आजपण कोणी उंच अरुंद फाँट निवडतो ते याच कारणाने. १९०३ चा ऑल्टरनेट गॉथिक, मॉरिस फुलर बेंटनचा, तीन वेगवेगळ्या रुंद्यांत काढलेला. आज फुकट मिळणारा लीग गॉथिक त्याच्यावरच बेतलेला आहे.

चौकोनी भविष्यवाला चेहरा पण त्याच बेंटनकडे सापडतो. १९३० चा बँक गॉथिक, तो पसरट, आणि १९३२ चा एजन्सी गॉथिक, तो अरुंद, चौकोनी खांद्यांचा. म्हणजे आपण ज्याला आज साय-फाय म्हणतो तो आकार नव्वद वर्षांपेक्षा जुना आहे. १९९० मध्ये डेव्हिड बर्लोने एजन्सी परत हातात घेतला आणि पुढे त्याला वेगवेगळी वजनं (जाड-बारीक रूपं) आणि रुंद्या मिळाल्या, ऑफिसच्या सॉफ्टवेअरबरोबर तो घराघरात पोचला. इटलीत तुरिनच्या नेबिओलो फाउंड्रीत बुत्ती आणि नोव्हारेसे यांनी १९५२ ला मायक्रोग्रामा काढला, नुसती कॅपिटल, आणि १९६२ ला नोव्हारेसेने त्याला लहान अक्षरं देऊन युरोस्टाइल केला. त्या काळातल्या टीव्हीच्या काचेसारखा फुगीर चौकोन. अक्षरकाम म्हणतात तो सुपरएलिप्स तुला तिथे डोळ्यांनी बघायला मिळेल, फाँट उघड आणि ओ मोठा करून बघ.

पण तुझ्या प्रश्नाला सगळ्यात जवळचं उदाहरण म्हणजे जर्मनीचं डीआयएन १४५१. १९३६ चं ते स्टँडर्ड. ग्रिडवर, ठरलेल्या जाडीच्या रेघेने, कारखान्यातल्या माणसाला पट्टी आणि कंपास घेऊन काढता यावं अशी अक्षरं. त्यातली एंगश्रिफ्ट म्हणजे अरुंद जात, पाटीवर लांब नाव बसत नसेल तिथे वापरायची. इंजिनियरचं काम, सगळं मापात, अगदी तुझ्यासारखं. १९९५ मध्ये आल्बर्ट-यान पोलने त्यावरून एफएफ डीआयएन काढला तेव्हा त्याने काय केलं, आडव्या रेघा बारीक केल्या, गोलाया डोळ्याला पटतील अशा केल्या. तरी आजही लोक तो फाँट बघून "इंजिनियरिंग" असंच म्हणतात. कडकपणा कुठेही गेला नाही. तुझी भीती तिथेच संपायला हवी.

उलट्या टोकाचं बघायचं तर विम क्राउवेलचा १९६७ चा न्यू अल्फाबेट बघ. त्या वेळच्या कॅथोड रे ट्यूबवर चालणाऱ्या टाइपसेटिंग यंत्रांना वळणं धड जमत नव्हती म्हणून त्याने वळणंच काढून टाकली, नुसत्या उभ्या-आडव्या रेघा आणि कोपऱ्यांना ४५ अंशाचा काप. ग्रिड शंभर टक्के पाळली आणि त्याची किंमत म्हणजे कित्येक अक्षरं ओळखूच येत नाहीत. ते प्रयोग म्हणून केलं होतं आणि प्रयोग म्हणून ते फार सुंदर आहे, मला आजही बघायला आवडतं. तुला जर लोकांनी पोस्टर वाचायला हवं असेल तर तू डीआयएनच्या बाजूला उभा राहा.

आणि एक, नासाचा १९७५ चा तो लाल वळवळता लोगो आठवतो ना, ज्यात ए ला मधली दांडीच नाही. डॅन अँड ब्लॅकबर्न स्टुडिओचं काम, १९९२ ला काढून टाकला आणि २०२० ला परत आणला. दांडी काढायचा मोह तुला पण होईल. तिथे ते चालतं कारण चारच अक्षरं आहेत आणि सगळ्यांना माहिती आहेत. पूर्ण फाँटमध्ये दांडी नसलेला ए म्हणजे उलटा व्ही, किंवा चौकोनी केला तर उलटा यू. पर्यायी ग्लिफ (अक्षराचं दुसरं रूप) म्हणून ठेव, मूळ ए दांडीचाच असू दे.

चौकोनी_ओ:
दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री बसलो ते पहाटेपर्यंत. आडव्या ७६ केल्या आणि ओ चे कोपरे एकाच केंद्रातून काढले, एवढ्या दोनच गोष्टी केल्या आणि मी जुनं-नवं शेजारी लावून बघितलं तर जुना ओ आता आजारी दिसतोय, सुजल्यासारखा. चार महिने रोज बघत होतो आणि १२७ कधी दिसलं नाही. एस उलटा करून बघायचं पण केलं, थक्क झालो, माझा एस सरळ आणि उलटा अगदी सारखा होता आणि म्हणूनच तो पडतोय असं वाटत होतं. वरचा वाटा २४ युनिटने लहान केला, आता शांत उभा आहे.

एक प्रश्न आकड्यांचा. मशीनवरचे नंबर हा मुख्य वापर धरला तर माझा शून्य आणि ओ तंतोतंत एकच आहे. बी आणि ८ पण लांबून सारखेच. आणि आता देवनागरीचं विचारतोच. शिरोरेषा आडवी आणि काने उभे, म्हणजे ही लिपी या ग्रिडला अगदी साजेशी आहे असं मला वाटत होतं पण ख, ध, झ काढायला घेतले आणि दोन दिवसांत हात टेकले. ट्रॅकिंग (सगळ्या अक्षरांमधली मोकळीक) वाढवून हेडिंग लावलं तर शिरोरेषेचे तुकडे पडले ते वेगळंच.

स्क्रीनवाला:
आकड्यांचं मी सांगतो, रोज हेच काम आहे. शून्याच्या पोटात तिरकी रेघ किंवा उभा ठिपका घाल, तुझ्या स्टाइलला मधला उभा छोटा आयत शोभेल. बी ची डावी बाजू एकदम काटकोनात ठेव, कोपरा अजिबात गोल नको, आणि ८ ची कंबर दोन्हीकडून आत घे. ५ आणि एस साठी ५ चा वरचा डावा कोपरा कडक. २ आणि झेड साठी २ चा वरचा उजवा भाग गोल. मग अर्धा सेकंद नजर पडली तरी चुकत नाही. आणि सगळे आकडे एकाच रुंदीचे असूदेत, १ सुद्धा, नाहीतर काउंटर चालू असताना आख्खी ओळ थरथरते.

स्क्रीनवर २४ पिक्सेलच्या खाली असा फाँट लावूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, आतल्या पोकळ्या बुजतात आणि मग कॉन्ट्रास्ट कितीही असो, वाचता येत नाही. आणि कृपा करून फाँटसोबतच्या माहितीत लिही की याला सॉफ्टवेअरमध्ये दाबून अजून अरुंद करू नका. लोक सर्रास ६० टक्क्यांवर दाबतात, मग उभा ९० चा खांब ५४ होतो आणि आडवी रेघ आहे तशीच राहते, म्हणजे आत्ता तू जे निस्तरलंस तेच परत दुप्पट होऊन येतं. खरंच अजून अरुंद हवा असेल तर रुंदीचा अक्ष असलेला व्हेरिएबल फाँट कर, म्हणजे एकाच फाइलमध्ये रुंदी कमी-जास्त करता येईल असा, २०१६ च्या ओपनटाइप (फाँट फाइलचा प्रकार) १.८ पासून ती सोय आहे, त्यात खांबाची जाडी तू ठरवतोस.

काना_मात्रा:
देवनागरीसाठी थांबले होते. ही लिपी ग्रिडला साजेशी आहे हा समज बहुतेकांचा होतो कारण शिरोरेषा आणि काना लांबून दिसतात, पण अक्षर ओळखू येतं ते त्यांच्यामुळे नाही, मधल्या गाठी, फाटे आणि पोटांमुळे. आणि अरुंद करताना पहिला घाव तिथेच बसतो.

तुझे ख आणि ध का अडले ते बघ. ख अरुंद केला की त्याचे दोन तुकडे सुटे होतात आणि लोक "रव" वाचतात, खाणे चं रवाणे होतं. म्हणून र च्या भागाचं शेपूट खालून नेऊन व च्या पोटाला चिकटवायचं, तो सांधा कितीही गर्दी झाली तरी सोडायचा नाही. ध आणि घ मध्ये फरक काय, ध ला डावीकडे वर गाठ असते आणि तिथे शिरोरेषा तुटते. गाठ चौकोनी करून शिरोरेषेला टेकवलीस की संपलं, धन चं घन झालं. भ-म आणि थ-य चं पण हेच. ब आणि व मध्ये फक्त पोटातली तिरकी रेघ, ष आणि प मध्ये पण तेवढीच, आणि जाड वजनात ते पोट इतकं लहान होतं की रेघ भरून जाते आणि पोटाचा काळा ठिपका होतो. तिथे रेघ निम्म्या जाडीची काढ, पोट थोडं खाली ओढ. हे तुझे बी आणि ८ समज, फक्त इथे अशा जोड्या जास्त आहेत.

सगळी अक्षरं ३२० मध्ये ही कल्पना इथे पहिल्याच दिवशी सोडावी लागेल. र आणि झ एका रुंदीत बसवले तर र हवेत लटकतो आणि झ गुदमरतो. मी आधी र, व, क, अ, झ अशी पाच अक्षरं घेऊन पाच रुंद्या ठरवते आणि बाकीची त्यांच्या आसपास लावते. लय कान्यांतून येते, दोन कान्यांमधलं अंतर डोळ्याला साधारण सारखं वाटलं की कुंपण जमलं. ट, ठ, ड, ढ, द, ह यांना पूर्ण काना नाहीच, नुसता आखूड देठ, ती शब्दात आली की कुंपणात भोकं पडतात, त्यांची बाजूची जागा घट्ट करावी लागते. ठ चा चौकोन करायचा मोह होईल, कर, तिथे शोभतो, तुझ्या रोमन ओ चा भाऊच तो, पण ट आणि द चं वळण थोडं तरी मोकळं ठेव.

शिरोरेषेची जाडी म्हणजे आडव्या रेघेचाच प्रश्न, फक्त दसपट. ई मध्ये तीन तुकडे होते, इथे आख्ख्या शब्दावरून न थांबता जाणारी पट्टी आहे. काना ९० असेल तर शिरोरेषा ९० ची ठेवलीस तर ओळीवर काळा पट्टा दिसेल आणि खालचं अक्षर कोणी बघणारच नाही. जाड वजनात मी ती कान्याच्या पाऊणपट करते, कधी त्याच्याही खाली जाते.

ट्रॅकिंगचं उत्तर साधं आहे, देवनागरीला लावूच नको. रोमन कॅपिटलना २०-३० युनिट मोकळीक दिली की ती खुलतात, देवनागरीत तीच मोकळीक प्रत्येक अक्षरानंतर शिरोरेषा तोडते. वेबवर मराठी मजकुरासाठी लेटर-स्पेसिंग शून्य अशी वेगळी सूचना लिहायची. आणि भाषा मराठी अशी नोंद पण करायची, कारण फाँटमध्ये सोय असेल तर ल आणि श ची मराठी वळणं त्यावरूनच येतात, नाहीतर हिंदीचा ल येऊन बसतो आणि मराठी डोळ्याला तो लगेच खुपतो. ओळींतलं अंतर पण वेगळं. रोमन कॅपिटलच्या ओळी तू ०.९ वर एकमेकींना चिकटवू शकतोस, खाली काही लोंबत नाही. मराठीत वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी, रफार, अनुस्वार समोरासमोर येतात. "पूर्ती" च्या खाली "कीर्तीं" लिहून बघ.

तपासायला मी "दऱ्या", "तऱ्हा" हे शब्द आधी टाइप करते, ऱ चा तो आडवा कोयता बऱ्याच फाँटमध्ये राहूनच जातो आणि मराठीत त्याच्याशिवाय चालत नाही. मग क्ष, ज्ञ, द्ध, ट्ठ, श्र, ष्ट्र. ट्ठ मध्ये दोन मजले होतात, उंची कुठून आणायची ते आधी ठरव. आणि अभ्यासाला इंडियन टाइप फाउंड्रीचे तेको, खंड आणि राजधानी हे तीन उघड, २०१४ मध्ये ओपन सोर्स म्हणून आलेत, तिन्हीत देवनागरी आणि रोमन दोन्ही आहे, पाच पाच वजनं आहेत. राजधानी तुझ्या विषयाच्या सगळ्यात जवळ, चौकोनी घडणीचा. त्यात हलक्या वजनाचा ध आणि बोल्डचा ध एकावर एक ठेव आणि गाठीचं काय केलंय ते बघ, मी ते बघून खूप शिकले.

चौकोनी_ओ:
ताई हे तर आख्खं पुस्तकच दिलंत. राजधानीचा ध बघितला, माझी गाठ शिरोरेषेला टेकलेली होती हे खरंय. एक विचारायचं होतं, हे ओपन फाँट आहेत तर त्यातला एखादा घेऊन त्यावरच माझं काम पुढे नेलं तर चालतं का? रोमन माझं, देवनागरी त्यांची सुधारून, असं.

अक्षरकाम:
ओएफएल (ओपन फाँट लायसन्स) असेल तर बदल करायला पूर्ण मुभा आहे, पण मग तुझा बदललेला फाँट पण ओएफएलखालीच द्यावा लागतो, नुसता फाँट म्हणून विकता येत नाही, मूळ कॉपीराइटची नोंद तशीच ठेवावी लागते, आणि त्यांनी नाव राखून ठेवलं असेल तर तुला दुसरं नाव द्यायला लागतं. प्रत्येकाची लायसन्स फाइल उघडून वाच, नियम सगळे तिथेच लिहिलेले असतात. पण माझं ऐकशील तर देवनागरी स्वतः काढ. तुझा ओ आता तुझा झालाय, त्याच्या शेजारी दुसऱ्याच्या हातचा ठ उभा केलास तर तो परका दिसेल.

चौकोनी_ओ:
ठीक, स्वतःच काढतो. पाच रुंद्या ठरवायला आजपासून सुरुवात. र २१०, व २६०, क ३९०, अ ४२०, झ ४४० असं कच्चं धरलंय, शिरोरेषा ६८. क ला दोन्हीकडे पोट म्हणून एवढा रुंद लागतोय, ३६० वर उजवा फाटा कान्याला चिकटत होता. "खडक" शब्द लावलाय, ख चा सांधा जमला, पण ड च्या डोक्याखाली अजून भोक दिसतंय, उजवीकडून १२ युनिट कमी केले तरी. छापून भिंतीवर लावतो आणि लांबून बघतो, मग सांगतो.

काना_मात्रा:
१२ नाही, २० कमी करून बघ. आणि "खडक" बरोबर "दगड" पण लाव, ड शेवटी आला की काय होतं ते कळेल.